रायपुरात माझ्या पायांचा संप

ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो, कारण त्यांत बहुधा पार्किंगची चौकशी असते आणि तिला उत्तर देणं सोपं असतं. डिसेंबरात एका मिसळीवरच्या लेखाखाली मात्र हिंदीत पाच ओळी आल्या. "दादा, आपकी मराठी पढ़ लेती हूँ, लिख नहीं पाती। मैं सोनल, बीरगांव वाली सुधा मौसी की बेटी। अक्ती के दिन मेरी शादी है। आई की इच्छा है कि अंतरपाट के वक्त मामाजी मेरे पीछे खड़े हों। मामाजी तैंतीस साल में एक बार भी हमारे घर नहीं आए। आप ला सकते हो क्या?"

अक्ती म्हणजे तिकडची अक्षय तृतीया. आणि सुधामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. रायपूरजवळच्या बीरगावात एका रोलिंग मिलमध्ये फिटर असलेल्या बिसाहू नावाच्या माणसाशी तिनं कोर्टात लग्न केलं. तो जातीचा नाही, भाषेचा नाही, एवढ्या दोन कारणांवरून आजोबांनी तिचं माहेर बंद केलं. आजोबा गेले, पण बंद ते बंदच राहिलं, कारण नंतर घर मामांच्या हाती आलं आणि मामा वडिलांचा शब्द मोडणारे नव्हेत.

मी नाशिकला शाळेत भूमिती शिकवतो. देव मानत नाही. कोणाच्या पाया पडत नाही, कोणाला पडू देत नाही. स्टाफरूममध्ये या विषयावर मी इतका बोललो आहे की लोक आता माझ्यासमोर उपवाससुद्धा जाहीर करत नाहीत. असा माणूस एका म्हाताऱ्या मामाला युक्तिवादानं बीरगावला नेऊ शकणार नाही तर कोण नेणार, असं मला मनापासून वाटलं. बायको म्हणाली, "तू मामांना पटवणार? तू अजून मला पटवलेलं नाहीस." तिकडे दुर्लक्ष करून मी जानेवारीच्या शेवटाचं तिकीट काढलं.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: नाशिकरोडहून हावड्याकडे जाणारी कोणतीही गाडी चालते. संध्याकाळी बसलात तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास रायपूर. थर्ड एसीला दीड हजाराच्या आसपास पडतात. नागपूरनंतर झोपू नका. गोंदिया गेलं की जंगल येतं, डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ खिडकीतून दिसतं, आणि गाडीत चढणारी माणसं हळूहळू मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून छत्तीसगढीत शिरतात.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो. उलट नाही, बरोबर वाचलंत. कौसल्या ही या मुलखाची लेक, म्हणून राम हा इथल्या प्रत्येकाचा भाचा, म्हणून प्रत्येक भाचा आणि प्रत्येक भाची म्हणजे रामच. दूध पिणारं असलं तरी. आमचं आजोळ भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, त्यामुळे नागपुरी बोली तशीच राहिली आणि ही रीत मात्र पक्की अंगात मुरली. लहानपणी सुट्टीत गेलो की मामा वाकायचे आणि मला फार मजा वाटायची. आता मी अठ्ठेचाळीसचा आहे, मामा शहात्तरचे आहेत आणि त्यांच्या कमरेला पट्टा आहे.

म्हणून मी तयारीनं गेलो होतो. घोट्यापर्यंतचे बूट, दोन्ही हातांत सामान, आणि डब्यातून उतरताच मामांना मिठी मारायची असा बेत. मामा माझ्यापेक्षा हुशार निघाले. ते डब्याच्या दाराशीच उभे होते, म्हणजे माझे पाय दारात आणि बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीवर. त्यांना फारसं वाकावंसुद्धा लागलं नाही. बुटांवर दोन्ही हात टेकवून त्यांनी ते कपाळाला लावले. मागे उतरणाऱ्या लोकांची रांग थांबली होती. नाशिकला मला शिव्या पडल्या असत्या. इथे हमालानं फक्त विचारलं, "भांचा हे का?" मामा म्हणाले, "हव." हमालानं सगळ्यांना हातानं थोपवून धरलं.

मामांचं घर पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या मागच्या बाजूला. गाडी आत येत नाही, मोठ्या रस्त्यावर उतरून ई-रिक्षा करावी. कुमुदमामीनं वडाभात केला होता, वर हिंग-मोहरीची कढत फोडणी, आणि सोबत तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची, कोवळी भाजी, जी फक्त थंडीतच मिळते. तीन वेळा भात घेतल्यावर मी विषय काढला. सोनलचं लग्न आहे, तिला तुम्ही मागे उभे राहायला हवे आहात.

मामांनी ताटातला शेवटचा वडा कुस्करला. "तो विषय या घरात होत नाही," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. माझे युक्तिवाद सगळे बॅगेतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायाला गार हात लागला म्हणून मला जाग आली. मामा आंघोळ करून, गंध लावून, माझ्या पायथ्याशी उभे होते आणि पांघरूण हळूच वर करत होते. मी पाय ओढून पोटाशी घेतले.

"काहून ओढतो? मले देवपूजेले उशीर होऊन राहिला."

"मामा, आजपासून माझे पाय मिळणार नाहीत. संप आहे."

"म्हणजे?"

"सोनल पण तुमची भाचीच आहे. आधी तिच्या पाया पडा, मग माझ्या."

मामा पांघरुणाचं टोक धरून उभे राहिले. "तू तर देव मानतच नाही. तुले काय फरक पडते?"

"मला नाही पडत. तुम्हाला पडतो, म्हणून तर संप."

दारात लसूण सोलत बसलेली मामी खाली मान घालून हसली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पूजेला निघून गेले. त्या दिवशी देवांना जरा जोरात घासलं गेलं, भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं. मी दिवसभर मोजे घालून, मांडी घालून बसलो. पायांना मुंग्या आल्या, पण चळवळ म्हटली की एवढं सोसावं लागतं.

दुपारी मामीनं मला बाजूला घेऊन बीरगावचा पत्ता सांगितला. कुठल्या पाऱ्यात, म्हणजे कुठल्या मोहल्ल्यात, कुठल्या किराणा दुकानाशी वळायचं, फाटकाचा रंग कोणता. कागद पाहिला नाही, आठवायला थांबली नाही. "तुम्ही जाता?" मी विचारलं. "मी कुठं जाते? मी तर बाजारात जाते," मामी म्हणाली.

संध्याकाळी सोनलला भेटायला समता कॉलनीत गेलो. ती तिथल्या एका क्लिनिकमध्ये रक्त तपासते. त्या भागात दर चौथ्या दाराला डॉक्टरची पाटी आहे आणि दर पाचव्याला खाण्याचं काहीतरी, त्यामुळे माणसाची दोन्हीकडून सोय होते. आम्ही पोहे-जिलबी घेतली. पोह्यांवर शेव, शेवेवर कांदा, आणि जिलबी त्याच बशीत. नाक मुरडू नका, खाऊन बघा.

सोनल एकोणतीस वर्षांची आहे. मी मराठीत बोललो, ती हिंदीत. हसायला लागली की आईसारखी दिसते, माझ्या आईसारखी. मी विचारलं, मामांना तू कधी पाहिलं आहेस का?

"पिछले साल देखा। खून देने आए थे, यहीं," ती म्हणाली. "परची पर नाम पढ़ा तो समझ गई। उन्होंने मेरा बैज पढ़ा। मैंने कहा, मुट्ठी बंद कीजिए। उन्होंने कर ली।"

"मग?"

"मग क्या। रिपोर्ट दूसरे के हाथ भिजवाई। शुगर ज़्यादा थी। बोलना था कि मीठा कम खाइए। नहीं बोली।" तिनं माझ्या बशीतली उरलेली जिलबी उचलली. "दादा, वो रोज़ मंदिर जाते हैं ना? मैं भी जाती हूँ। कभी सोचती हूँ, हम दोनों एक ही भगवान से बात करते हैं तो वो बीच में कुछ बोलता क्यों नहीं।"

एरवी असं वाक्य ऐकलं की 'तो नाहीच, म्हणून बोलत नाही' असं सांगून मी मोकळा होतो. तिच्याशी मात्र तसं बोलावंसं वाटलं नाही.

रविवारी मामा म्हणाले, चंदखुरीला जाऊ. रायपूरपासून पाऊण तासावरचं हे गाव कौसल्येचं माहेर मानतात. तळ्याच्या मधोमध देऊळ आहे, पुलावरून चालत जायचं. गाभाऱ्यात कौसल्येच्या मांडीवर लहानगा राम आहे. जाऊन-येऊन टॅक्सीचे बाराशे ठरवले. सकाळी लवकर जा, तळ्यावर गारवा असतो आणि गर्दी नसते. मामांचा हेतू मला ठाऊक होता. पूर्वी भाच्याला घेऊन तिथे गेलं की दर्शनाआधी भाच्याच्या पाया पडायचा त्यांचा शिरस्ता होता, आणि देवळात अनवाणी जावं लागतं. म्हणजे ना बूट, ना मोजे.

पुलावर आमच्यापुढे एक कुटुंब चाललं होतं. एका दांडग्या माणसानं कडेवरचं मूल बायकोकडे दिलं आणि बहिणीच्या कडेवरच्या दुसऱ्या, टकलू बाळाचे पाय धरून कपाळाला लावले. बाळानं त्याचा चष्मा ओढला. मामांनी ते पाहिलं आणि आशेनं माझ्याकडे वळले.

"मामा, नाही."

"देवाच्या दारात अपमान करतो काय रे?"

"अपमान मी नाही करत. तुमच्या म्हणण्याप्रमाणे भाच्यांमध्ये राम असतो. मग बीरगावच्या रामाला एकोणतीस वर्षं बाहेर कोणी उभं केलं?"

हे मी फार मोठ्यानं बोललो. पुलावरची चार माणसं वळून बघायला लागली. मामांचा चेहरा पडला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या देवासमोर असं गाठायचं नसतं, हे कळायला आस्तिक असावं लागत नाही. मामा एकटेच आत गेले. मी तळ्याच्या कठड्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले आणि गाडीत बसले.

गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हणाले, "मांडीवर एकच पोरगं आहे तिच्या."

"हो."

"दोन असते तर तिनं एकाले खाली ठेवलं असतं काय?"

माझ्या एकाही युक्तिवादात हे नव्हतं. मामांनी पुढे वाकून ड्रायव्हरला सांगितलं, "भैया, बीरगांव होते हुए चलो." ड्रायव्हर म्हणाला, त्याचे वेगळे पडतील. "पड़ने दो," मामा म्हणाले आणि कमरेचा पट्टा जरा घट्ट केला.

बीरगावला पर्यटक जात नाहीत. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा धूर, ट्रकांच्या रांगा, आणि झाडांच्या पानांवर काळसर पूड. मामीनं सांगितलेलं किराणा दुकान, वळण, निळं फाटक, सगळं जागच्या जागी सापडलं. सुधामावशी अंगणात पापड वाळत घालत होती. तिनं वर पाहिलं, हातातला पापड तसाच राहिला. भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत उभे राहिले. आता कोण रडणार याचा मी अंदाज बांधत होतो, तेवढ्यात मावशी म्हणाली, "दादा, चपला आत घेऊन ये. बाहेर कुत्रं नेते."

आत सोनल होती आणि खाटेवर बिसाहूकाका. हडकुळा, उंच माणूस, उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच. मामांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. सरळ सोनलकडे गेले आणि कमरेवर हात ठेवून वाकायला लागले.

सोनल एक पाऊल मागे सरकली. "मामाजी, मेरे पाँव बाद में। पहले पापा को राम-राम कीजिए।"

मामा अर्धवट वाकलेले तसेच थांबले.

"मेरे पाँव में तो आपको रामजी दिख जाएँगे," सोनल म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ओढणीचं टोक तिनं मुठीत आवळलं होतं. "पापा में कोई नहीं दिखेगा। सिर्फ़ पापा दिखेंगे। उनको देखिए पहले।"

मी पुलावर जे बोललो होतो ते हिच्यापुढे पोरखेळ होतं. भाचीसमोर वाकणं मामांना जड नव्हतं, तिथे त्यांचा देव मदतीला होता. या माणसासमोर उभं राहायला मात्र कोणी मदतीला नव्हतं. मामा सरळ झाले. बिसाहूकाका तोवर खाटेवरून उठून आत गेले होते. मला वाटलं, संपलं. पण ते पाण्यानं भरलेला लोटा घेऊन बाहेर आले. पाहुणा आला की त्याच्या हाती लोटा द्यायचा, ही तिकडची पद्धत. तो त्यांनी त्या तुटक्या बोटांच्या हातानं मामांपुढे धरला.

मामांनी लोटा घेतला. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. "बिसाहूजी," ते म्हणाले, "लग्नानंतर तुम्ही दोघं दाराशी आले होते. बाबांनी तुमाले उन्हात उभं ठेवलं. मी आतच होतो. बाहेर आलो नाही."

"हव, जानत हंव," बिसाहूकाका शांतपणे म्हणाले. "खिड़की ले दिखत रहेव।" त्या दिवशी मामा खिडकीतून दिसत होते. तेहतीस वर्षं त्यांना ठाऊक होतं.

मामांनी मान खाली घातली. मग लोटा खाली ठेवून दोन्ही हात जोडले, म्हणाले, "राम-राम. माझं चुकलं." बिसाहूकाकांनी ते जोडलेले हात धरले आणि त्यांना खाटेवर बसवलं. "बइठव," बसा. एवढंच.

त्यानंतर मामा भाचीच्या पाया पडले आणि पट्ट्यामुळे तिथेच अडकले. वर येईनात. मी एका बाजूनं आणि बिसाहूकाकांनी दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना उभं केलं. सोनल रडत रडत हसत होती. "मामाजी, शुगर बढ़ी हुई है आपकी। मीठा कम खाइए," ती म्हणाली. मामा म्हणाले, "सांगाले एक वर्ष लावलं पोट्टीनं."

जेवायला तांदळाच्या पिठाचा चीला आणि टोमॅटोची तिखट चटणी होती. खाटेवर दोघं म्हातारे लग्नाच्या मांडवावरून वाद घालायला लागले. मी विजयी मुद्रेनं स्वयंपाकघरात मावशीजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आणलं की नाही मामांना?

मावशीनं तव्यावर पीठ पसरलं. "आणलं बाबा. लई मोठं काम केलं." मग चीला उलटून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाले त्याचं देवधरम आडवं आलं होतं. तुले काय आडवं आलं रे?"

मला कळलं नाही असं दाखवायचा प्रयत्न केला.

"ताई दर राखीले मले फोन करायची. चोरून. ताई गेल्याले चार वर्षं झाले. तिचा नंबर मी अजून काढला नाही. पण त्यावरून कोणी बोललं नाही." तिनं चीला माझ्या ताटात टाकला. "खा. गरम आहे."

मी खाल्ला. चव आठवत नाही. ब्लॉग लिहिणाऱ्याला हे शोभत नाही, पण खरंच आठवत नाही. आई गेल्यावर तिचा नंबर मीच बंद केला होता. तिच्या फोनमध्ये "सुधा" म्हणून साठवलेलं नाव मी पाहिलं होतं.

सोमवारी परत निघालो. स्टेशनवर मामांनी माझे पाय धरले आणि मी धरू दिले. संप मिटला होता आणि माझ्याकडे आता कोणतीही मागणी नव्हती. मामांच्या डोक्यावरचं विरळ पांढरं वरून बघताना मला देवबिव काही दिसला नाही. एक म्हातारा दिसला, जो आदल्या दिवशी माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे गेला होता.

नाशिकला येऊन दोन आठवडे झाले. माणसाला मान द्यायला देव लागतो का, या प्रश्नावर मी अजूनही स्टाफरूममध्ये 'नाही' असंच म्हणेन. मामा 'हो' म्हणतील. पण मामा त्यांच्या देवाचा हात धरून, तेहतीस वर्षं उशिरा का होईना, त्या दारात पोचले. मला कोणी अडवलेलं नव्हतं, कसला विटाळ नव्हता, कोणाचा शब्द पाळायचा नव्हता, आणि तरी बोलावणं आल्याशिवाय मी गेलो नाही. सगळी माणसं सारखी, असं मी आई गेल्यानंतरची चार वर्षंही वर्गात सांगत होतो आणि त्यांतल्या एका माणसाला साधा फोन केला नव्हता.

काल रविवार होता. सणवार काही नव्हता. मी मावशीला फोन लावला.

"कोण?"

"मी, मावशी. नाशिकहून."

"काहून रे? काही झालं काय?"

"काही नाही. असाच केला."

पलीकडून कुकरच्या शिट्ट्या येत राहिल्या. मग मावशी म्हणाली, "थांब, गॅस बारीक करून येते. ठेवू नको."